कोंड्याची भाकरी

माझे वडील भाकरी खाण्याआधी तिची तपासणी करत. लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याकडे ते खरेदीला होते. कांद्याच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातले दोन कांदे वर काढायचे, अंगठ्यानं त्यांची मान दाबायची आणि समोरच्या शेतकऱ्याला सगळ्या बाजारादेखत सांगायचं, "ह्यो माल नाय चालायचा." या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. संध्याकाळच्या पॅसेंजरनं नाशिकरोडला उतरून ते घरी येत, हातपाय धुऊन पाटावर बसत, आणि तोच अंगठा आईच्या भाकरीवर फिरे. कड जाड राहिलीय. पापुद्रा सुटला नाय. मधी कच्ची हाय. पसंत पडली तर निमूट खात. नाही पडली तर ताट सरकवत आणि कांद्याचंच वाक्य भाकरीला ऐकवत. चांगली झालीय, असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. चांगल्या मालाला चांगला म्हटलं की भाव चढतो, हे त्यांचं धंद्याचं शहाणपण होतं.

मी शाळेत असताना एकदा आई तापानं फणफणली होती. तशातच तिनं चुलीपुढे बसून भाकऱ्या थापल्या आणि एक करपली. वडिलांनी त्या भाकरीला भोक पाडलं, सुतळी ओवली आणि बाहेरच्या दाराच्या चौकटीला खिळा ठोकून ती तिथं टांगली. "कोनी काढायची नाय," म्हणाले. कॉलनीतल्या बायका नळावरून हंडे घेऊन आमच्या दारावरूनच जायच्या. काही हसल्या, काहींनी पदर तोंडाला लावला. भाकरी वाळून कडक झाली, तिला मुंग्या लागल्या, तरी ती तिथंच लटकत होती. आई त्या दारातून खाली मान घालून ये-जा करायची. मला वडिलांचा इतका संताप यायचा की देवासमोर हात जोडून मी जे मागायचे ते लिहायची आज लाज वाटत नाही. ते मरावेत असं मागायचे. भाकरी शेवटी कावळ्यांनी नेली. खिळा कोणी काढला नाही.

मी कॉलेजात गेले त्या सुमाराला वडिलांना नवी चप्पल चावली. उजव्या पायाच्या करंगळीला फोड आला, तो फुटला, आणि मग भरेचना. हळद झाली, एरंडाचं पान झालं, कोणीतरी दिलेली काळी मलमपट्टी झाली. शेवटी आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. मधुमेह निघाला. डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते. "साखर खाली आली नाही तर ही जखम भरणार नाही. आधी बोट जाईल, मग पाय. पायाची काळजी असेल तर जिभेवर ताबा ठेवा." एवढं सांगून त्यांनी वडिलांना लघवी पुन्हा तपासायला देण्यासाठी बाहेर पाठवलं, मला त्यांच्याबरोबर पाठवलं, आणि काय खायचं, काय नाही, हे सगळं आईला बसवून समजावलं. रांधणारी ती होती.

आई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मला ओळखू आला नाही. इतकी टवटवीत मी तिला लग्नाच्या फोटोतही पाहिली नव्हती. टांग्यात बसल्या बसल्या तिनं सांगायला सुरुवात केली. "भाकरी बंद. पोळी बंद. भात बंद. पाव, टोस, खारी, बटर, समदं बंद."

"मंग खायचं काय?" वडिलांनी विचारलं.

"ते मी बघते," आई म्हणाली.

तिनं बघितलं. गिरणीवाला गव्हाचा कोंडा म्हशीवाल्यांना देत असे, त्यातला ती पिशवी भरून घेऊन आली. त्यात सोयाबीनचं पीठ, मेथ्या दळून, थोडी डाळ. पीठ कसलं, रेती ती. त्याला चिकटपणा नाही, त्यामुळे थापता येईना. आईनं ते प्लॅस्टिकच्या कागदावर दाबून दाबून तव्यावर उलटं केलं. जे तयार झालं त्याचा रंग शेणीचा होता, वास ओल्या गोणपाटाचा आणि चव मेथ्यांची. म्हण आहे, कोंड्याचा मांडा करून खावा. आईला कोंड्याचा मांडा येत होता. आल्या-गेल्यासाठी ती नुसत्या नाचणीच्या पिठाचं असं काही करायची की लोक बोटं चाटत राहायचे. या वेळी तिनं मांडा केला नाही.

पहिल्या दिवशी वडिलांनी सवयीनं अंगठा दाबला. भाकरीचे तीन तुकडे झाले. "ह्यो माल..." त्यांनी सुरुवात केली.

"डागदरनी सांगितलंय," आई म्हणाली. "पाय ठेवायचा हाय का नाय?"

त्यांनी खाल्ली. चावताना त्यांच्या कानाजवळची शीर उडायची. आई समोर बसून पंख्यानं वारा घालायची. मला हसू यायचं आणि ते मी लपवत नसे.

मग आईच्या अंगात प्रयोग संचारले. कोबीची पानं वाफवून त्यात पिठलं गुंडाळलं आणि ही तुमची पोळी म्हणून वाढलं. दुध्याच्या चकत्या तव्यावर भाजून, हा घ्या पाव. सकाळी चहाबरोबर टोस्ट बुडवून खाणं ही वडिलांची एकमेव चैन होती, सायकलवर पत्र्याची पेटी लावून येणाऱ्या बेकरीवाल्याची घंटा ऐकली की त्यांचा चेहरा मऊ पडायचा. तर आईनं जवस आणि कोंडा एकत्र कुटून पातळ पापड्या लाटल्या, उन्हात वाळवल्या आणि भाजल्या. "टोसच हाय," म्हणाली. ती पापडी चहात घातली तरी भिजायची नाही. कप रिकामा झाला तरी पापडी जशीच्या तशी. वडिलांची खाट एका पायावर डुगडुगत असे. एका दुपारी त्यांनी एक पापडी त्या पायाखाली सरकवली, आणि खाट पक्की बसली. पुढे कितीतरी महिने ती पापडी तिथं होती, तिला काही झालं नाही.

कॉलनीत मात्र आईचं नाव झालं. ज्या बायका दारातली भाकरी बघून हसल्या होत्या, त्याच आता सुनांना सांगत, नवऱ्याचं करावं तर असं करावं. आई हे ऐकून घेई आणि पुन्हा कोंडा चाळायला बसे.

दर सकाळी साखर तपासायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बी.एस्सी.ला होते. काचनळीत केमिस्टकडचं निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटकरी झालं की संपलंच. कोंडा, कोबी आणि डॉक्टरांच्या गोळ्या यांचा गुण आला. विटकरी पिवळं झालं, पिवळं हिरवं झालं. करंगळीवर नवी कातडी धरायला लागली. आईनं जखम पाहिली आणि पट्टी पुन्हा बांधून टाकली.

मग एकादशी आली. आईचा उपास असायचाच. चुलीवर साबुदाण्याची खिचडी परतली जात होती, तूप-जिऱ्याचा वास घरभर सुटला होता आणि वडील पाटावर कोंड्यासमोर बसले होते. त्यांनी नाकानं वास ओढला आणि विचारलं, "उपासाला हे चालतं का?"

"उपासाला चालतं," आई म्हणाली.

"मंग आज माझा बी उपास."

आईनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग कोंड्याची भाकरी उचलून बाजूला ठेवली आणि खिचडी वाढली. वर नारळ, कडेला तळलेल्या बटाट्याच्या फोडी. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पाणी पाहिलं आहे.

आयुष्यात ज्यांनी देवाला उदबत्ती लावली नव्हती ते वडील त्या दिवसापासून देवभक्त झाले. आधी एकादशी. मग सोमवार. मग चतुर्थी, गुरुवार, शनिवार. श्रावण लागला तेव्हा तर त्यांनी महिनाच धरला. कपाळाला भस्म लावून ते पंचवटीत जाऊन येत आणि घरी येऊन भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, बटाट्याची थालीपिठं यांच्यापुढे मांडी घालून बसत. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते आमच्या घरी महिन्यातले अर्धे दिवस चालू होतं. आणि आईचा हात असा की काय सांगू. कोंड्याची भाकरी जिला गोल करता येत नव्हती तिच्या खिचडीतला दाणा न् दाणा सुटा असायचा. भगर मोकळी, थालीपीठ खुसखुशीत. उपास नसलेल्या दिवशी कोंडा जास्त कडू लागे. मेथ्या वाढल्या होत्या, मी दळणाच्या डब्यात पाहिलं होतं. मग काय, वडील पंचांग घेऊन बसत आणि आणखी एखादा उपास शोधून काढत.

नळीतलं निळं औषध पुन्हा पिवळं व्हायला लागलं. मग विटकरी. सोमवारच्या उपासानंतर मंगळवारी सकाळी तर हटकून विटकरी. आम्ही सगळे चक्रावलो. माणूस उपाशी राहतोय आणि साखर वाढतेय? वडील म्हणत, "तुझ्या त्या कोंड्यातच काय तरी हाय. उपासाच्या दिशी पोटाला जरा शांती असते." मला ते पटायचं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बटाट्याच्या चकतीवर आयोडिन टाकून ती निळीकाळी होताना मी स्वतः पाहिली होती, त्यातल्या पिष्टाची पोटात साखर होते असं परीक्षेत लिहिलंही होतं. पण तो कॉलेजातला बटाटा होता. घरातला बटाटा उपासाचा. जे पोटात गेल्यावरही उपास मोडत नाही ते खाल्लं असं आमच्या मनानं कधी मोजलंच नव्हतं. बी.एस्सी.ला मला पहिला वर्ग मिळाला.

दिवाळीच्या आधी करंगळी काळी पडली. तिच्या शेजारचं बोटही. खोलीत वास यायला लागला तेव्हा आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. तेच डॉक्टर. त्यांनी पट्टी सोडली, पाहिलं, आणि विचारलं, "काय खाताय तुम्ही?"

"कायच खात नाय," वडील अभिमानानं म्हणाले. "निम्मे दिस तर उपास असतो."

"उपासाला काय खाता?"

वडिलांनी सांगितलं. खिचडी, बटाटे, रताळी, भगर. सांगताना त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. डॉक्टरांनी हातातला चिमटा ट्रेमध्ये ठेवला आणि ते आईकडे वळले. "बाई, पहिल्या दिवशी मी तुम्हाला काय सांगितलं होतं? साबुदाणा, बटाटा, रताळं घरात आणू नका. एक वेळ अर्धी भाकरी परवडली, पण हे नको. दोनदा सांगितलं होतं, आठवतंय का?"

आईनं पदर सावरला. "आठवतंय," ती म्हणाली. "पन देवाचं व्हतं. देवाच्या कामात मी कशी नाय म्हनू?"

वडील तिच्याकडे पाहत राहिले. बाजारात कांद्याचा ढीग वरून सोन्यासारखा आणि आतून सडलेला निघाला की ते असे बघत, असं मी ऐकून होते.

पाय गुडघ्याखालून कापला. आत ते चालू असताना मी आणि आई बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मी विचारलं, "म्हणजे तुला सगळं माहीत होतं?"

आईनं पिशवीतून जपमाळ काढली. "तो खिळा अजून हाय दाराला," ती म्हणाली. "मी रोज त्याच्याखालून जाते." आणि तिनं जप सुरू केला. तिचे ओठ अगदी शांतपणे हलत होते. लहानपणी मी देवापाशी जे मागायचे ते माझ्या आईनं मनावर घेतलं होतं, निम्म्यापर्यंत आणलंही होतं, आणि मला आनंद झाला नाही.

वडील कुबड्या घेऊन घरी आले. त्यांना पाटावर बसता येईना, म्हणून खाटेपुढे स्टूल ठेवलं. आईनं ताट वाढलं. शेपूची भाजी, ताक, आणि कोंड्याची भाकरी, एका बाजूनं करपलेली. मी उंबऱ्यात उभी होते. वडिलांचा अंगठा सवयीनं पुढे गेला आणि भाकरीच्या वर थांबला. त्यांनी आईकडे पाहिलं. मग हात मागे घेतला, तुकडा मोडला, तोंडात घातला आणि खूप वेळ चावत राहिले.

"चांगली झालीय," ते म्हणाले.

आईनं ताकाची वाटी पुढे सरकवली.

"लय चांगली झालीय."

हे वाक्य आईच्या वाट्याला एकदा तरी यावं म्हणून मी लहानपणी तळमळले होते. ते आलं, आणि ऐकताना मला वडिलांची नाही, आईची भीती वाटली.

"आनखी एक वाढू?" आईनं विचारलं.

"वाढ," वडील म्हणाले.

तिनं दुसरी वाढली, आणि ती संपेपर्यंत ती त्यांच्या समोर उभी होती.