पाळी म्हणजे काय

दुखण्यावरच्या मलमाचा वास आला की पंचवटीतला तो दवाखाना आठवतो. राज्य स्पर्धा तोंडावर आली होती आणि माझी नडगी दुखत होती. खेळाडूंना तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी आमच्या प्रशिक्षक सरांच्या आणि रिलेच्या मुलींच्या देखत विचारलं, "पाळी वेळेवर येते का?" आमच्या घरी, शाळेत सगळे 'पिरियड्स' म्हणत. मी म्हणाले, "हो, रिलेत माझी तिसरी असते." त्यांच्यातली निफाडची मुलगी फिसकन हसली. "लय भोळी हाय ही, मॅडम." सर भिंतीकडे बघू लागले. बाईंनी सगळ्यांना बाहेर काढून मला इंग्रजीत विचारलं. मी सांगितलं, दिवाळीपासून आलीच नव्हती. "पाळी थांबली की हाडंही ठिसूळ होतात. म्हणूनच नडगीचं हाड कमजोर झालंय, बेटा. यंदा पळायचं नाही." मला त्याहून जड गेलं ते त्या मुलींसमोर बाहेर जाणं. पाय केव्हाच बरा झाला. ही गोष्ट मात्र आजवर मी दुसऱ्याच एका मुलीची म्हणून सांगत आले.