चिठ्ठी जिथली, तिथे

बालवाडीत शिकवणाऱ्या बाईला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते पदराला चिकटून घरी येतात. गोंद, खडू आणि कुणाचा तरी शेंबूड यांच्यासोबत!

आमची मॉन्टेसरी मुंबईबाहेर आचोळ्यात, एका इमारतीच्या तळमजल्यावर. नव्वदच्या दशकातली ती वर्षं. आजूबाजूला नुसत्या इमारती उठत होत्या आणि पाणी टँकरचं. मुख्य बाई म्हणजे प्रधानबाई, त्यांच्या हाताखाली मी.

आमच्याकडे सगळं चिठ्ठ्यांवर चालायचं. 'दार' लिहिलेली चिठ्ठी दाराला लावायची, 'खिडकी'ची खिडकीला. लाकडी नकाशावर राज्यांच्या आणि गावांच्या चिठ्ठ्या, दातकोरणीला झेंड्यासारख्या चिकटवलेल्या. सकाळी आल्याआल्या आपल्या नावाची चिठ्ठी आपल्या आसनाला. नियम एकच : चिठ्ठी जिथली, तिथे. आणि बाईंनी 'चूक' किंवा 'बरोबर' म्हणायचं नाही. मूल आपलं आपण बघेल, यावर प्रधानबाईंची अढळ श्रद्धा होती. माझी जरा डळमळीत होती.

एकदा मुलांना चिठ्ठ्या घरी दिल्या. सोमवारी एक आई तणतणत आली. "बाई, रविवारी हे दुपारी सोफ्यावर झोपले होते. पोरीनं 'सोफा'ची चिठ्ठी यांच्याच पोटावर लावली!"

"मग?"

"मग काय, मी काढली नाही. बरोबरच होतं ना?"

"आम्ही बरोबर-चूक सांगत नाही," प्रधानबाई म्हणाल्या.

*

त्या वर्षी सोहम नावाचा मुलगा आला. आईवडील दोघं मुंबईला नोकरीला. तो झोपेत असतानाच ते घर सोडायचे, शेजारच्या काकू त्याला आणून सोडायच्या. पोरगा वर्गात तोंडच उघडत नव्हता. नकाशावर झेंडे अचूक लावायचा, पण स्वतःच्या नावाची चिठ्ठी काही आसनाला लावायचा नाही. ती दिवसभर मुठीत. मी चारदा आसन दाखवलं. तो माझ्याकडे असा बघायचा, जसं काही मलाच कळत नाहीये.

त्याची आई एका शनिवारी येऊन सांगून गेली. "दिवाळीपर्यंत बघते बाई. नाही रुळला तर देवरुखला सासूबाईंकडे ठेवणार. तिथे निदान दिवसभर घरात माणूस असेल." बोलताना ती पर्सच्या चेनची सारखी उघडझाप करत होती. मला तिचा रागही आला आणि कीवही आली.

*

समुद्रकाठच्या अर्नाळ्याची जेनी. तिची आई आमच्या नाक्यावर मासळी विकायला बसायची, तेवढा वेळ जेनी आमच्याकडे. प्रधानबाईंनी ताटलीत मातीचा उंचवटा केला, भोवती पेल्यानं जपून पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "हे बेट."

जेनीनं वाकून पाहिलं. "बाई, पानी कमी हाय. होडी रुतंल."

बाईंनी आणखी ओतलं.

"आजून रुतंल."

आणखी ओतलं. बेट बुडालं. टँकरचं पाणी होतं, म्हणून फेकलं नाही. तो गाळ दुपारी तुळशीला घातला.

*

एक वडील तक्रार घेऊन आले. "आमचा मुलगा वर्षभर नुसते झेंडे लावतोय. लिहिणार कधी?"

बाईंनी त्यांना मुलांच्या बुटक्या खुर्चीत बसवलं आणि महाराष्ट्राचा नकाशा पुढ्यात ठेवला. "तुमचं घर दाखवा."

गृहस्थांनी बोट टेकवलं. बोटाखाली ठाण्यापासून डहाणूपर्यंत सगळं झाकलं गेलं. मग खिशातलं पेन काढून त्यांनी बारीकसा ठिपका दिला. तो पडला समुद्रात.

बाईंनी तो ठिपका तसाच राहू दिला. त्या काळी कोण कुठे भराव घालत होतं, ते आम्हालाही नक्की ठाऊक नव्हतं. मुलाला मात्र त्या गृहस्थांनी शाळेतून काढलं नाही.

*

आमच्या लाकडी भारताचे तुकडे सुटे निघायचे. एका मुलानं राजस्थानवर कोकम सरबत सांडलं. मी तो तुकडा धुतला. नेमके त्याच दिवशी कुणी तरी मोठे पाहुणे शाळा बघायला आले. सुटाबुटात! त्यांनी जेनीला गोड आवाजात विचारलं, "बाळ, राजस्थान कुठे आहे?"

"गॅलरीत वाळत घातलाय."

पाहुणे हसले. मग गॅलरीत जाऊन खात्री करून आले.

त्या दिवशी सोहमही हसला. आवाज नाही, नुसते दात दिसले. मला वाटलं, रुळला! पण तोंड काही उघडलं नाही. आणि दिवाळी येऊन ठेपली.

*

सुट्टी लागायच्या दिवशी सोहमची आई अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली. रात्रीच्या गाडीनं निघायचं होतं, कपडे भरून झाले होते. आदल्या दिवशी काकूंच्या हाती तिचा निरोप आला होता, 'देवरुख'चा एक झेंडा करून ठेवा. आमच्या संचात देवरुख नव्हतं. मी केला, पण करताना चडफडत होते. लेकराला पाठवायचं आणि वर झेंडा लावायचा!

ती नकाशासमोर मांडी घालून बसली. झेंडा टोचला. आवाज हसरा ठेवला होता. "हे बघ, इथे आजी. इथे विहीर, इथे गोठा. आता इथे आपला सोहम राहणार. लाव बघू तुझी चिठ्ठी."

सोहमनं मूठ उघडली. पाच महिन्यांत त्या चिठ्ठीचं पार लक्तर झालं होतं, पण नाव वाचता येत होतं. त्यानं देवरुखकडे पाहिलं. अगदी नीट पाहिलं, झेंडा जरा वाकडा होता तो सरळ केला. मग उठला, नकाशाला वळसा घालून आईजवळ गेला आणि चिठ्ठी तिच्या खांद्यावर लावली. चिकटेना. गोंद कधीच वाळला होता. मग त्यानं ती तळहातानं दाबून धरली.

आईनं मान वळवून प्रधानबाईंकडे पाहिलं. "चुकलं ना हो बाई त्याचं?"

प्रधानबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.