वर्षभराचा पास हातात, आई गेटबाहेर

झाशीतल्या कुणाला तरी माहीत असेल म्हणून विचारतोय, माझं डोकं चालत नाहीये.

आम्ही फौजी लोक. बाबांची बदली झालीये आणि उद्या दुपारच्या गाडीने आई साताऱ्याला जातेय. ती परत इकडे कशाला येतेय! तीन वर्षं म्हणत होती, एकदा जंगल दाखव. मी इथल्या जवळच्या अभयारण्याचा वर्षाचा फॅमिली पास काढला आणि "पास आहे ना, कधीही जाऊ" म्हणत एकटाच भटकत राहिलो.

आज तिला घेऊन गेलो. गेटवरचा गार्ड म्हणाला, "भैया, पास तो ठीक है, माताजी का ओरिजिनल आधार दिखाइए."

माझं पाकिटात होतं. आईचं काळ्या पेटीत, आणि पेट्या कालच ट्रकमधून गेल्या. बाबांनी दहादा बजावलं होतं, कागद बाहेर काढून ठेव. मी पेटी उघडली, त्यात जुना कॅमेरा सापडला आणि तोच पुसत बसलो.

फोनमधला फोटो चालेना. नवीन तिकिटालाही ओरिजिनलच लागतं. हात जोडले, तर म्हणे, "नौकरी चली जाएगी भैया."

आई म्हणाली, "असू दे रे, इथूनही झाडं दिसतात की." आणि जाळीला धरून खरंच बघत राहिली.

उद्या सकाळचे दोन तास आहेत. ओरिजिनलशिवाय कुणी आत गेलंय का? कुणाला भेटू? मी बाहेर थांबतो, तिला एकटीला सोडलं तरी चालेल.