कावळ्यापुढं कबूल केलेली कॅसेट

बायकोच्या दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आन कावळा काही शिवंना. कावळे होते, बाभळीवर बसून आमच्याकडं बघून राह्यले होते. मंग रीतीपरमाणं एकेक जण पुढं होऊन तिला कबूल करू लागला. पोरगा म्हणाला, "आई, बाबांकडं बघीन." कावळा हालला न्हाई. तिची बहीण म्हणाली, "अक्का, तुझी पोत सुनेलाच देऊ." तरी न्हाई. ऊन चढलं. मेव्हणा माझ्या कानाशी आला.

"दाजी, तुमचंच काही राह्यलं असंल. आठवा जल्दी."

आठवायचं काय, मला माहीतच होतं. हात जोडून म्हणलं, "बरं बाई, तुझी ती कॅसेट ऐकतो. दोन्ही बाजू. शिव्या न देता, पुरी."

कावळा सरळ खाली आला आन भात उचलला.

"हे पैलेच म्हणायचं ना," मेव्हणा म्हणाला. "भुकेनं जीव चालला आमचा."

कॅसेट इंग्रजी. चार झिपऱ्या पोरांचा ब्यांड, त्यांची पैलीच कॅसेट. पोरगा कॉलेजात असताना घेऊन आल्ता. तो नोकरीला गेला, कॅसेट घरी राह्यली. बायको भाकरी थापताना रोज लावायची. शब्द एक कळत नव्हता तिला. मला बी न्हाई. मी ओसरीतून ओरडायचो, "बंद कर ते भांडण." ती आवाज वाढवायची.

टेंभुर्णीच्या बाजारातून टेप दुरुस्त करून आणला आन दुपारी जेवून खाटेवर बसलो. सुनेला म्हणलं, लक्ष ठेव, लबाडी नको.

आता नीट ऐकलं, तर खरं सांगतो. ढोलवाल्याला कुठंतरी जायची घाई आहे, बाकीचे तिघं त्याच्या मागं पळतात. गिटारवाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, आमच्या सरपंचावाणी. गाणारा उंच चढायला जातो आन शिडी कमी पडते. पण उतरत न्हाई, तिथंच लोंबकळतो. नवखी पोरं. चुकलं तरी दामटून नेतात. मला ते लई आवडलं. आन बायकोचा हात भाकरीवर ह्याच तालात पडायचा. थाप, थाप, जरा थांबून थाप. मला वाटायचं, पीठ चिकटतंय म्हणून थांबते.

दुसऱ्या बाजूला एक संथ गाणं आहे. तिथं माझा डोळा लागतो.

"मामा, झोपलात," सून म्हणते.

"नुसते डोळे मिटले होते."

"घोरत होतात. पुरी ऐकायचं कबूल केलं ना? उद्या पुन्हा पैल्यापासून."

सासूच्याच हाताखाली तयार झालेली. रोज हेच चाललं. शेजारचा म्हातारा आता पारावर तिसरं गाणं गुणगुणतो. विचारलं तर म्हणतो, खोकला आहे.

परवा मी जेवणावर दोन कप चहा घेतला. संथ गाणं गेलं, मी जागाच. पुढची गाणी पैल्यांदाच कानावर पडली. शेवटच्या गाण्यात चौघं एकदम ओरडतात, कोणी कोणाचं ऐकत न्हाई. मंग टेप खटकन बंद झाला.

कबूल केलेलं फिटलं. आता तिचं माझ्याकडं काहीच राह्यलं न्हाई.

दारात सुनेची चाहूल लागली, तसे मी डोळे मिटले आन घोरायला लागलो.

"मामा, झोपलात ना?"

"हो बाई. लागला डोळा."

"मंग उद्या पुन्हा पैल्यापासून."

"आता काय करता," मी म्हणलं, आन कूस बदलली.