कमलाजींचे तीन ठोके

मंडळी, आज दुपारी माझ्या पॉडकास्टची चांगलीच फजिती झाली. तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

झाशीत बसून मी एआय आणि यंत्रांविषयी बोलते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. या एपिसोडचा विषय होता, तंत्रज्ञानात कोणाकोणाचा आवाज ऐकला जातो? पाहुण्या होत्या कमलाजी. झाशीजवळच्या बिजौलीतल्या कारखान्यात त्या पंपाचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, भाग हातोडीने ठोकून तपासतात. भाग चांगला असला तर घंटेसारखा वाजतो, आत तडा असला तर आवाज बसका येतो. माइकसमोर त्यांनी तीन भाग ठोकून दाखवले.

रेकॉर्डिंग मी नेहमीप्रमाणे एआयकडून साफ करून घेतलं आणि स्वतः न ऐकताच कमलाजींना पाठवलं. तासाभरात त्यांचा फोन.

"बिटिया, हमाई बातें तो धर लईं, हमाओ काम काट दओ!"

ऐकलं तर खरंच की! त्यांचं बोलणं आणि विविधतेवरचं माझं लांबलचक भाषण शाबूत, आणि तिन्ही ठोके गोंगाट समजून पुसलेले. यंत्राला काय बोल लावायचा? ऐकायचं काम माझं होतं.

मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवलेलं होतं. आता एपिसोड त्या ठोक्यांनीच सुरू होतो. कापलंय ते माझं भाषण.

खाली ऐका. तीनपैकी एकात तडा आहे. कमलाजी डोळे मिटून सांगतात. तुम्ही सांगा, कितवा?