भिवाच्या आज्याचं पान आणि कचेरीचं क्लाऊड

सरकारी कचेरीत कुणी काही टाकून देत नाही. मोडकी खुर्ची टाकायची तरी वरून मंजुरी लागते. किस्से टाकायला मंजुरी कोण देणार? म्हणून माझ्याकडं साठलेत. मी चौथी नापास. लिहिण्यात चुका निघतील, निघू द्यात. तुमच्या चुका काढायला मी कधी आलोय का?

साताऱ्याचा वडूजकडचा आणि सांगलीचा जतकडचा सगळा कोरडा मुलूख. त्यातल्याच एका तालुक्याच्या कचेरीत मी रेकॉर्ड रूमचा शिपाई. रिटायर झालो, पण मागं कुणालाच कागद सापडेना, म्हणून परत बोलावलं. तेवढ्यात हुकूम आला, सगळं जुनं रेकॉर्ड क्लाऊडवर टाका!

मी नायब तहसीलदार मॅडमना विचारलं, "क्लाऊड म्हणजे काय वो?"

"आप्पा, कागदांचे फोटो काढायचे आणि दुसरीकडच्या मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवायचे. मग कुठूनही बघता येतात."

"दुसरीकडं म्हंजे कुठं?"

"ते मलाही नक्की माहीत नाही."

"मग किल्ली कुणाकडं?"

मॅडमनी हुकूम उलटून मागची बाजू बघितली. पोरगी हुशार, पण किल्लीचं तिथंही लिहिलेलं नव्हतं.

*

त्याच महिन्यात भिवा धनगर कचेरीत यायला लागला. माझ्याच वयाचा, खांद्यावर घोंगडं. त्याच्या नातीचा, काजलचा, सांगलीला नर्सिंगला नंबर लागला होता. जातीच्या पडताळणीला जुना पुरावा पाहिजे. भिवाच्या आज्याची जन्माची नोंद गावच्या जुन्या बुकात होती, जातीसकट. ती मिळाली तर ॲडमिशन, नाही तर पोरगी परत मेंढरांमागं.

बुक माझ्याच खोलीत. पण फोटो काढून झालेल्या ट्रंका सील केलेल्या आणि हुकूम असा, की सीलला हात लावायचा नाही, नक्कल क्लाऊडवरूनच द्यायची.

भिवा म्हणाला, "आप्पा, बुक हितं हाय न्हवं?"

"हाय."

"तू हितं हाईस?"

"हाय."

"मग अडलंय कुठं?"

मी वर बोट दाखवलं. भिवानं छताकडं बघितलं. तिथं पाल होती.

*

क्लाऊड उघडायला ओटीपी लागतो. तो यायचा बदली झालेल्या जुन्या साहेबांच्या मोबाईलवर. नंबर बदलायचा तर त्यालाही ओटीपी, आणि तोही जुन्याच नंबरवर! शाबास रं सरकार!

साहेब गेलेले कोयनानगरच्या पुढं, एका खोऱ्यात. तिथल्या कचेरीत लँडलाईन, पण मोबाईलला रेंज नाही. दोन दिवस आमचे अव्वल कारकून कपाळाला हात लावून बसले. भिवा कोपऱ्यातनं बोलला, "आमचा मेव्हणा तिकडंच मेंढरं घिऊन उतरलाय. त्येला टेकावर रेंज घावती."

झालं! साहेबांनी आपला मोबाईल मेव्हण्याच्या हातात दिला. गडी टेकडी चढला. हिकडं मॅडमनी बटण दाबलं, तिकडं ओटीपी आला. मेव्हण्यानं त्याच मोबाईलवरून एकेक आकडा वरडून सांगितला. मागं मेंढरं ब्यांऽ करतायत. आणि क्लाऊड उघडलं!

अव्वल कारकुनांनी फायलीवर लिहिलं, "तांत्रिक अडचण वरिष्ठ पातळीवर दूर करण्यात आली." टेकडीच्या वरिष्ठ पातळीवर!

*

मग ऑडिट. डेडस्टॉक म्हणजे सरकारी वस्तूंची यादी. तिच्यातल्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगानं नंबर टाकायचा. हे काम आयुष्यभर माझं. खुर्चीवर टाकलाय, घड्याळावर टाकलाय, पाण्याच्या माठावर टाकलाय.

ऑडिटर साहेबांनी विचारलं, "यादीतल्या क्लाऊडवर नंबर कुठाय?"

अव्वल कारकून म्हणाले, "साहेब, ते इथं नाही."

"मग कुठं आहे?"

"सांगता येत नाही."

"म्हणजे वस्तू गहाळ?"

अव्वल कारकुनांचं तोंड पांढरंफटक पडलं. मी ब्रश उचलला. भिंतीवर इंटरनेटचा एक डबा आहे, हिरवे दिवे लुकलुकतात. त्याच्यावर ठसठशीत नंबर टाकला आणि म्हणालो, "ह्ये बघा क्लाऊड!"

साहेबांनी डब्याभोवती नजर फिरवली, बोट लावून रंग ओला आहे का बघितलं आणि विचारलं, "चालू स्थितीत आहे ना?"

*

पानं क्लाऊडवर चढायला लागली, पण भिवाच्या गावाचा नंबर अजून यायचा होता. एक दिवस बघतो तर अव्वल कारकुनांच्या खोलीत लाल फडक्यातले नवे गठ्ठे! माणूस क्लाऊडवर चढलेलं एकेक पान परत प्रिंट काढून, सही-शिक्का मारून बांधून ठेवत होता.

मॅडम ओरडल्या, "अहो, हे कशाला?"

"मॅडम, क्लाऊड गेलं तर?"

"म्हणून तर मूळ कागद ट्रंकेत आहेत!"

"ते जुने झालेत, मॅडम. म्हणून तर क्लाऊडवर टाकले."

मी तंबाखू मळत ऐकत होतो. माणूस चूक बोलत नव्हता. फक्त रेकॉर्ड दुप्पट झालं होतं.

*

इतके दिवस मी ह्या क्लाऊडला शिव्याच घातल्या. तोंड बंद झालं ते त्याच पावसाळ्यात, पुराच्या वेळी. नदीकाठच्या एका कचेरीत छातीएवढं पाणी शिरलं. तिथला रेकॉर्डवाला माझा जुना दोस्त. पाणी उतरल्यावर फोन केला न् हमसून हमसून रडला. "आप्पा, बुकाचा चिखल झाला रं. हातात घेतलं की लगदा."

मॅडमनी फोन माझ्या हातातनं घेतला आणि त्याला म्हणाल्या, "तुमची पानं चढवली होती ना? कुठलंही एक गाव सांगा."

त्यानं सांगितलं. आणि पान आलं हो! शाईचा डाग जागच्या जागी, कडेला कसरीनं खाल्लेलं भोक जागच्या जागी. पाण्याचा एक थेंब नाही. मॅडम फोनवर नावं वाचत गेल्या आणि तिकडं तो चिखलात उभा राहून "व्हय, व्हय" करत होता.

मी खाली बसलो. आयुष्यभर किल्ली कमरेला बांधून राखण केली, पण असली राखण माझ्या बापजन्मात बघितली नव्हती.

*

आता भिवाचं. पडताळणीचा शेवटचा दिवस. काजल सांगलीला पडताळणीच्या खिडकीपाशी, भिवा आमच्यापाशी. मॅडमनी वर्ष-तारखेवरून पान शोधून, घाईत नीट न बघताच तिकडं पाठवलं होतं. दुपारी काजलचा फोन आला.

"आज्जा, पान दिसतंय! पर नावावरच कुणीतरी अंगठा ठिवलाय!"

मॅडमनी तेच पान उघडलं. भिवाच्या आज्याच्या नावावर, बरोबर जातीवर, भला थोरला अंगठा. त्याला हळदीची चिंधी बांधलेली.

भिवानं अंगठा बघितला, मग माझ्याकडं बघितलं. "आप्पा, ह्यो तुझा न्हवं?"

माझाच होता. फोटो काढताना पानं गुंडाळत होती म्हणून मी अंगठ्यानं दाबून धरायचो.

मॅडम म्हणाल्या, "मूळ बुक काढावं लागेल. पण ह्या फोटोच्या नोंदीत गावच चुकीचं पडलंय, त्यामुळं ट्रंकेचा नंबर कळत नाही. इतक्या ट्रंकांत शोधणार कुठं?"

मी चिंधीकडं बघत होतो. "मॅडम, त्या दिवशी मला ट्रंकेचा पत्रा लागला हुता. कडी तुटकी हाय ती ट्रंक. पर सील हाय."

"फोडा आप्पा. उत्तर मी देईन."

अव्वल कारकून म्हणाले, "मॅडम, हुकूम..."

"फोडा!"

सील फोडलं. बुक वरच होतं. ह्या वेळी भिवानं पानाच्या दोन टोकांवर दोन पेपरवेट ठेवले आणि मला म्हणाला, "तू हात खिशात घाल गड्या." मॅडमनी फोटो काढला, बटण दाबलं. सांगलीला जायला एसटीला अर्धा दिवस लागतो. माझे हात खिशातच होते आणि तिकडं काजल ओरडली, "आलं! आलं! नाव दिसतंय!"

भिवानं पेपरवेट उचलून मला परत दिले.

खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही पानं छापून काढली. फोन चालूच होता, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. बाईंनी विचारलं, "हे ठीक आहे. पण ह्या पहिल्या पानावर अंगठा कुणाचा?"

काजल म्हणाली, "आमच्या घरातलाच हाय."