पिपेटच्या टोकाचा थेंब

माझे वडील निपाणीच्या बाजारात सुटं गोडेतेल विकायचे. गिऱ्हाईक माप बाटलीवर उपडं धरायला लावायचं आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत हलायचं नाही. मापाला चिकटून राहिलं ते आपलं गेलं, हे मी तिथेच शिकलो.

पुढे बेंगळुरूला आलो. सकाळी हेब्बाळकडच्या कॉलेजात बीएस्सी, दुपारनंतर पीण्या औद्योगिक वसाहतीत, धातूला मुलामा देणाऱ्या प्लेटिंगच्या कारखान्यात टाक्यांवर काम. मालकांनी सांगून ठेवलं होतं, "फर्स्ट क्लास आण, तुला टाकीवरून काढून लॅबमध्ये बसवतो." त्या एका वाक्यावर मी तीन वर्षं काढली.

भौतिक रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझ्या जोडीला आनेकलहून बसने येणारी एक मुलगी होती. मी वयाने मोठा, म्हणून मला अण्णा म्हणायची. आमचा पहिला मोठा प्रयोग एस्टरचा. एस्टर आणि आम्ल बाटलीत मिसळलं की एस्टर हळूहळू फुटतं. ठरावीक वेळाने पिपेटने थोडं मिश्रण काढायचं, बर्फाच्या पाण्यात सोडून ती क्रिया थोपवायची आणि गुलाबी छटा येईपर्यंत ब्युरेटमधून अल्कली सोडायची. बाटलीत वरून काहीच घडत नसतं, येतो तो फक्त नेलपॉलिशसारखा वास. तरी बर्फ, काचेची नळी आणि घड्याळ घेऊन आपण त्या न दिसणाऱ्या क्रियेचा वेग काढतो. मला याचं आजही नवल वाटतं.

तिचा हात बघण्यासारखा होता. ब्युरेटची तोटी ती अशी फिरवायची की थेंब टोकाला लोंबकळत राहायचा. तो ती फ्लास्कच्या काठाला टेकवून उतरवायची, आणि पाणी गुलाबी व्हायचं, जेमतेम. माझं पाणी सरबत व्हायचं. शिवाय माझे आकडे कधी वर, कधी खाली.

"अण्णा, तुम्ही पिपेट फुंकता," ती एकदा म्हणाली.

"मग? टोकाला थेंब राहतो. तो काय घरी न्यायचा?"

मॅडम मागेच उभ्या होत्या. बेळगावच्या. एरवी इंग्रजीत शिकवायच्या, पण मला झाडायचं असलं की मराठीत.

"फुंकू नको की. तो थेंब सोडूनच पिपेटवर खूण केलेली असते. तो तुझा नव्हेच."

"मॅडम, आमच्याकडे मापात सोडलेला थेंब म्हणजे चोरी."

"इथं घेतलेला थेंब म्हणजे चोरी," त्या म्हणाल्या आणि सगळे आकडे पुन्हा घ्यायला लावले. पुन्हा घेतले तेव्हा आलेखावरचे ठिपके एका रेषेत बसले. माझ्या हातून असं काही नीट उतरेल असं मला वाटलं नव्हतं. पट्टी लावून मी ती रेषा किती वेळ बघत बसलो होतो. जोडीदारीण मराठीत कन्नड मिसळत म्हणाली, "सरी, झालं, आता स्वल्प बाजूला व्हा, मलाही बघू द्या."

वार्षिक परीक्षेत चिठ्ठी उचलली तर हाच प्रयोग. हात जमला होता. रेषा सरळ आली, उत्तर बरोबर आलं. फक्त अगदी शेवटच्या वेळी, घाईत, गाल आपोआप फुगले. मॅडमनी पाहिलं.

निकाल लागला तेव्हा फर्स्ट क्लास एका मार्काने हुकला होता. मी तडक त्यांच्या खोलीत गेलो.

"उत्तर बरोबर होतं ना?"

"होतं."

"मग मार्क कशाचे कापले?"

"फुंकल्याचे. दोन."

"एक तरी परत द्या. निम्म्यावर मिटवू."

"बाजार आहे का रे हा?"

"मार्क उत्तराला असतात की हाताला?"

"प्रॅक्टिकल आहे. हाताला."

मी दार आपटून निघालो. मालकांनी लॅबमध्ये मंड्याचा एक फर्स्ट क्लासवाला बसवला. त्याच्या हाताखाली टाक्या ढवळायला मी राहिलो नाही. आज पीण्यातच माझं स्वतःचं युनिट आहे. पत्रेवाल्यापासून बँकेपर्यंत सगळ्यांशी मी भांडून भाव पाडतो. प्लेटिंगचं पाणी तपासायला मात्र स्वतः बसतो, आणि पिपेटचं टोक काचेला टेकवून गप्प थांबतो.

मागच्या गणपतीत मराठी मंडळात मॅडम भेटल्या. केस पांढरे झालेत. त्यांनीच ओळखलं.

"काय रे, फुंकतोस का अजून?"

"नाही. पण ते मार्क..."

"मिळायचे नाहीत," त्या म्हणाल्या, आणि मोदकाची ताटली माझ्याकडे सरकवली. मी मोदक घेतला. मार्कांचं मी अजून सोडलेलं नाही.